वाढतं वय, डिमेन्शिया आणि डिजिटल नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमेन्शियाचे नकाशे बनवताना आणि ते लोकांपुढे ठेवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांत घरचे लोक असतात, डॉक्टर आणि नगररचना करणारे असतात, आणि नुकतंच निदान झालेली माणसंही असतात. त्यांना सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहायचा प्रयत्न केला आहे.

डिमेन्शिया म्हणजे म्हातारपणाचा विसरभोळेपणाच ना?

नाही. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं हा विसरभोळेपणा झाला. चष्मा हातात असून त्याचं काय करायचं हेच न सुचणं, किंवा वर्षानुवर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर एखाद्या वळणापाशी थबकून उभं राहणं, ही वेगळी गोष्ट आहे. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे स्मरण, भाषा, निर्णय आणि दिशाभान ढासळून रोजचे व्यवहार अडू लागतात, त्या अवस्थेचं ते नाव आहे. त्यातलं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तेच सापडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते आणि दरवर्षी जवळपास १ कोटी नव्या लोकांची भर पडते. यातले ६० टक्क्यांहून जास्त लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. २०५० पर्यंत एकूण आकडा १५ कोटींच्या पुढे जाईल असा एक मोठा जागतिक अंदाज सांगतो. वाढीचं मुख्य कारण साधं आहे: लोकसंख्या वाढते आहे आणि माणसं जास्त जगू लागली आहेत. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी डिमेन्शियाचं प्रमाण ढोबळमानाने दुप्पट होत जातं.

मेंदूच्या आजाराचा नकाशाशी काय संबंध?

दोन बाजूंनी संबंध आहे. आजार कुठे आहे, मदत कुठे आहे आणि त्या दोहोंत किती अंतर आहे हे नकाशा दाखवतो. ही बाजू बहुतेकांच्या लगेच लक्षात येते. दुसरी बाजू मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते: अल्झायमर ज्या भागावर आधी घाला घालतो, तो भाग डोक्यातला नकाशा सांभाळणारा असतो.

१९७१ साली जॉन ओकीफ या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मरण आणि जागेचं भान सांभाळणाऱ्या भागात, अशा पेशी दाखवल्या, ज्या प्राणी विशिष्ट जागी आला की चेतवल्या जातात. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये जागेची जणू चौकट आखणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. इकडे हाइको आणि इव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये अल्झायमर मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतो याच्या पायऱ्या मांडल्या होत्या. प्रथिनांच्या गुंत्याची सुरुवात होते ती याच एन्टोरायनल भागाच्या आसपास. म्हणून काही जणांच्या बाबतीत नावं विसरण्याआधी रस्ते निसटतात. घरचे मात्र नावांच्या विसरण्याची वाट बघत बसतात.

हे माणसांवर तपासून पाहिलंय का?

हो, आणि फार कल्पक रीतीने. २०१६ मध्ये 'सी हीरो क्वेस्ट' नावाचा मोबाइल गेम आला. खेळणाऱ्याला आधी नकाशा दाखवायचा, मग तो काढून घ्यायचा आणि बोट हाकत ठरलेल्या खुणांपर्यंत पोचायला सांगायचं. ४० लाखांहून जास्त लोकांनी तो खेळला. कुठल्याही प्रयोगशाळेत इतकी माणसं कधी आली नसती.

त्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ जनुक असलेले, पण विसरण्याची काहीही तक्रार नसलेले लोक गेममध्ये कमी थेट मार्ग घेत होते. नेहमीच्या स्मरणचाचणीत हा फरक पकडताच आला नव्हता. दुसरा अभ्यास २०२२ चा. ३८ देशांतल्या जवळपास ४ लाख लोकांची माहिती पाहता, शहराबाहेर वाढलेले लोक दिशा शोधण्यात सरस ठरले. सरळ काटकोनी रस्त्यांच्या शहरांत वाढलेले त्यांच्या मागे पडले. लहानपणी आपण ज्या रस्त्यांवर वाढतो त्यांचा ठसा म्हातारपणापर्यंत टिकतो, असं हे निरीक्षण सुचवतं.

इथे 'डिजिटल नकाशा' म्हणजे नेमकं काय?

एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद डोळ्यांसमोर आणा. एका कागदावर वस्तीनिहाय वयोगट, दुसऱ्यावर निदान झालेल्यांची संख्या, तिसऱ्यावर स्मृतिचिकित्सा केंद्रं आणि दवाखाने, चौथ्यावर रस्ते, बसथांबे, चढउतार, बाकं. संगणकावर हे कागद म्हणजे 'थर'. हवे ते थर चालू-बंद करता येतात आणि त्यांची एकमेकांशी गणितं मांडता येतात. या प्रणालीला जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) म्हणतात.

नकाशावर जिथे रंग गडद, तिथे डिमेन्शिया जास्त. बरोबर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. गडद रंग सांगतो ते इतकंच: इथे *नोंदी* जास्त आहेत. नोंद व्हायला आधी कुणाला तरी लक्षण खटकावं लागतं, ते डॉक्टरांपर्यंत जावं लागतं, डॉक्टरांनी 'वय झालं की असं व्हायचंच' म्हणून परत न पाठवता तपासावं लागतं, आणि मग कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. या साखळीतली एक कडी जरी निखळली, तरी नकाशावर तो माणूस नसतोच.

आकडे घेऊन बघू; हे समजण्यापुरते मनाने घेतलेले आहेत. दोन प्रभाग, प्रत्येकात २००० ज्येष्ठ. पहिल्यात डिमेन्शियाच्या १०० नोंदी, म्हणजे ५ टक्के. दुसऱ्यात ५०, म्हणजे अडीच टक्के. नकाशावर पहिला प्रभाग गडद लाल, दुसरा फिका. मग कळतं की पहिल्या प्रभागात एक मोठं काळजी केंद्र आहे आणि त्या १०० पैकी ६० जण तिथे दुसरीकडून राहायला आलेले आहेत. ते बाजूला काढले तर १९४० लोकांत ४० नोंदी उरतात, जेमतेम २ टक्के. रंग उलटे झाले! रोग जिथल्या तिथेच आहे, आपला प्रश्न तेवढा बदलला.

म्हणून नकाशा हातात आला की मी आधी फिका भाग बघते. तिथे सगळे ठणठणीत आहेत, की तिथे कुणी विचारायलाच गेलेलं नाही? नकाशाचा खरा उपयोग न मोजलेल्या माणसांपर्यंत पोचण्यासाठी आहे, असं मला मनापासून वाटतं.

मग ही न मोजलेली माणसं शोधायची कशी?

अपेक्षित आकडा आणि नोंदलेला आकडा शेजारी ठेवून. कुठल्या वयात किती टक्के लोकांना डिमेन्शिया असतो हे घरोघर जाऊन केलेल्या चांगल्या सर्वेक्षणांवरून माहीत असतं. ते प्रमाण वस्तीतल्या त्या-त्या वयाच्या लोकसंख्येला लावायचं. पुरुष आणि स्त्रिया वेगळे धरायचे. समजा हिशेबाने ९० रुग्ण असायला हवेत आणि नोंदी ३६ आहेत. म्हणजे १० पैकी ६ जण निदानाविना आहेत. हा 'फरकाचा नकाशा' साध्या टक्केवारीच्या नकाशापेक्षा कितीतरी कामाचा.

इंग्लंडमध्ये हेच गुणोत्तर सरकारी पातळीवर वापरलं जातं. ६५ वर्षांवरच्या अपेक्षित रुग्णांपैकी किमान दोनतृतीयांश, म्हणजे ६६.७ टक्के लोकांचं निदान व्हावं असं उद्दिष्ट तिथे ठरवलं गेलं होतं, आणि कोणता भाग त्यात मागे आहे हे भागवार पाहता येतं.

प्रमाण काढताना वय का लक्षात घ्यायचं? ज्येष्ठ ते ज्येष्ठ.

६६ वर्षांचा माणूस आणि ८९ वर्षांचा माणूस दोघेही ज्येष्ठ, पण धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक. ज्या भागात पंच्याऐंशी ओलांडलेले जास्त, तो भाग नकाशावर आपोआप गडद होणार. वयाचा हा परिणाम गणिताने वजा केल्याशिवाय दोन भागांची तुलना करू नये.

मदत किती लागेल हे ठरवताना मात्र मूळ संख्याच बघायची. वय वजा करून आलेला आकडा कुणाच्या घरी जाऊन काळजी घेत नाही.

छोट्या वस्त्यांचे आकडे दरवर्षी उड्या का मारतात?

४० ज्येष्ठांच्या वस्तीत गेल्या वर्षी २ रुग्ण होते, यंदा ४ झाले. प्रमाण ५ वरून १० टक्के, थेट दुप्पट. प्रत्यक्षात दोनच माणसं वाढली. अशा ठिकाणी काही वर्षांचे आकडे एकत्र करतात किंवा शेजारच्या भागांचा थोडा आधार घेऊन आकडा स्थिर करतात. शिवाय सीमारेषा कुठे आखली यावरही चित्र बदलतं. त्याच लोकांना प्रभागांऐवजी पिनकोडप्रमाणे वाटलं तर गडद ठिपका दुसरीकडेच उमटू शकतो. दोन-तीन वेगवेगळ्या विभागण्या करून पाहाव्यात; जो ठिपका सगळ्यांत टिकतो, त्यावर विश्वास ठेवावा.

वर्दळीच्या रस्त्याजवळ राहिल्याने डिमेन्शिया होतो का?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ६६ लाख लोकांचा माग ठेवून केलेला मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घराचा पत्ता नकाशावर ठेवून मोठ्या रस्त्यापासूनचं अंतर मोजलं होतं. ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७ टक्क्यांनी जास्त दिसलं, ५० ते १०० मीटरमध्ये ४ टक्क्यांनी, २०० मीटरपर्यंत २ टक्क्यांनी. त्यापलीकडे फरक उरला नाही. पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) बाबतीत असा संबंध दिसला नाही.

७ टक्के जास्त याचा अर्थ १०० पैकी ७ जणांना रस्त्यामुळे डिमेन्शिया झाला असा होत नाही. मुळात जो धोका आहे, त्यात ७ टक्क्यांची भर, इतकंच. शिवाय रस्त्याजवळ धूर असतो तसा आवाज असतो, मोडलेली झोप असते, बऱ्याचदा गरिबीही असते. संशोधक यातलं जमेल तेवढं हिशेबातून वेगळं करतात. तरीही हवेचं प्रदूषण हा धोक्याचा घटक आहे हे आता तज्ज्ञ मान्य करतात.

इथे आणखी एक सावधगिरी. प्रदूषित प्रभागात रुग्ण जास्त दिसले म्हणून त्या प्रभागातल्या अमुक आजींना प्रदूषणामुळेच आजार झाला, असं म्हणता येत नाही. भागाबद्दलचं खरं, माणसाबद्दल खरं असेलच असं नाही.

नकाशा पाहून डिमेन्शिया टाळता येईल का?

काही प्रमाणात लांबवता किंवा टाळता येईल, जर नकाशावर आजाराबरोबर त्याची कारणंही मांडली तर. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ घटक मोजले: कमी शिक्षण, श्रवणदोष, जास्त एलडीएल ('वाईट') कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, प्रदूषण आणि उपचार न झालेला दृष्टिदोष. या सगळ्यांवर पूर्ण इलाज झाला असं धरलं, तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब आहे.

ही यादी नकाशाच्या नजरेने पुन्हा वाचा. कान तपासायची सोय कुठे आहे? मोतीबिंदूसाठी किती लांब जावं लागतं? एकटे राहणारे ज्येष्ठ कुठे जास्त आहेत? यांतल्या बऱ्याच प्रश्नांना पत्ता आहे.

रोज डोक्याने रस्ते शोधले तर मेंदू शाबूत राहतो का?

अमेरिकेतल्या जवळपास ९० लाख मृत्यूंच्या नोंदी ४४३ व्यवसायांनुसार तपासणारा अभ्यास २०२४ च्या अखेरीस आला. अल्झायमरने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांत सर्वांत कमी होतं. ठरलेल्या मार्गावर जाणाऱ्या बसचालकांत आणि वैमानिकांत ते तसं कमी दिसलं नाही. माहिती उत्सुकता वाढवणारी आहे, पण यावरून कारण सिद्ध होत नाही. ज्यांचं दिशाभान मुळातच चांगलं, तेच अशा कामात टिकत असतील, ही शक्यता उरतेच.

दवाखाना दोन किलोमीटरवर आहे. मग सोय आहे असंच म्हणायचं ना?

नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले दोन किलोमीटर आणि म्हाताऱ्या माणसाचे दोन किलोमीटर एक नसतात. मध्ये नाला आहे का, पूल कुठे आहे, बस बदलावी लागते का, सोबत यायला कुणी मोकळं आहे का, हे सगळं त्या अंतरात येतं.

चालण्याचंच बघा. रस्ता ओलांडायचे सिग्नल बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस गृहीत धरतात. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचा वेग मोजला तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर भरली. १२ मीटर रुंद रस्त्याला सिग्नल देतो १० सेकंद. आजींना लागतात १५. ते पाच सेकंद त्या भर रस्त्यात असतात. म्हणून सोयीचे नकाशे प्रवासाच्या वेळेवर करावेत आणि चालण्याचा वेग ज्येष्ठांचाच घालावा. त्याच वेळेच्या टप्प्यात किती लोकांसाठी किती डॉक्टर येतात हेही मोजता येतं. दवाखाना जवळ आहे पण त्याच्यावर तिप्पट लोकांचा भार आहे, हे तेव्हा कळतं.

ज्यांना डिमेन्शिया आहे त्यांना कुणी विचारतं का?

विचारायलाच हवं, आणि सर्वांत चांगली पद्धत म्हणजे त्यांच्याबरोबर चालणं. फोनवर जीपीएस चालू ठेवायचं, ते नेतील तिकडे जायचं, जिथे थांबतील तिथे खूण करायची.

अशा एका फेरीत एक बाई इमारतीच्या दारात अडल्या. आत जायला तयारच होईनात. सगळ्यांना वाटलं, लिफ्टची भीती असेल. खाली वाकून विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "खड्डा आहे." दारात काळं पायपुसणं होतं. डिमेन्शियात खोलीचा अंदाज चुकतो आणि फिक्या फरशीवरचा काळा चौकोन खरोखर खड्ड्यासारखा दिसू शकतो. पायपुसणं उचललं, त्या आत गेल्या. उपग्रहाच्या कुठल्याही चित्रात हा अडथळा दिसला नसता.

परतताना त्या एका कोपऱ्यावर दोनदा फिरल्या. तिथलं मोठं झाड तोडलं होतं. त्यांच्या डोक्यातलं वळण त्या झाडापाशी होतं.

लिन मिचेल आणि एलिझाबेथ बर्टन यांच्या संशोधनाने अशा लोकांसाठी परिसर कसा असावा याचे सहा गुण सांगितले: ओळखीचा, सहज समजणारा, वेगळेपण असलेला, पोचता येण्याजोगा, आरामाचा आणि सुरक्षित. 'ओळखीचा' सर्वांत आधी. सुशोभीकरणाच्या नावाखाली जुन्या खुणा एका झटक्यात पुसू नयेत, ही विनंती प्रत्येक नगररचनाकाराला करावीशी वाटते.

फोनच्या हालचालींवरून आजार आधीच ओळखता येईल का?

शक्यता दिसते आहे. अमेरिकेत १३९ ज्येष्ठांच्या गाड्यांना वर्षभर जीपीएस लावून पाहिलं. लक्षणं नसलेल्या, पण अल्झायमरच्या जैविक खुणा आढळलेल्या लोकांचं गाडी चालवणं इतरांपेक्षा वेगळं होतं: रात्रीचं कमी, अंतर कमी, ओळखीच्या मोजक्याच जागा. पण माणसाचं फिरणं गुडघा दुखल्यानेही आक्रसतं आणि जोडीदार गेल्यानेही. त्यामुळे असा आलेख म्हणजे तपासणीचं निमित्त. निदान डॉक्टरांनीच करायचं.

घरच्या माणसाला जीपीएस लावावं का?

त्यांना समजतंय तोवर त्यांना विचारून, आणि शक्य तितक्या लवकर. सुरुवातीच्या काळात "मी हरवलो तर तुम्ही मला असं शोधलेलं चालेल का?" हा प्रश्न समोरासमोर विचारता येतो. पुढे तो विचारण्याची संधी राहत नाही. अनेकांना ट्रॅकर म्हणजे पाळत वाटते. अनेकांना तोच एकट्याने बाहेर पडायचा परवाना वाटतो. उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. उंच इमारतींत आणि घरात चूक वाढते. शिवाय बॅटरी संपते आणि उपकरण घरीच राहतं.

गोपनीयतेचं काय? नकाशावर आमचं घर दिसेल का?

दिसता कामा नये. प्रकाशित नकाशात घराचा बिंदू कधीच नसावा, फक्त भागाची बेरीज. ज्या भागात रुग्ण अगदी मोजके, तिथला आकडा झाकतात, कारण "या गल्लीत एक, वय ९०, स्त्री" एवढ्यावरून शेजारी ओळखतात. कामासाठी बिंदू लागलेच तर ते मुद्दाम थोडे सरकवतात. हे न करणाऱ्याला माहिती देऊ नका.

एखाद्या छोट्या गटाने सुरुवात कशी करावी?

नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते मोफत आहेत. रुग्णांच्या नोंदींना हातही लावू नका. आधी बाकं, सार्वजनिक स्वच्छतागृहं, सावली, रात्री अंधार असणारे कोपरे, स्मृतिचिकित्सा केंद्रं आणि काळजी घेणाऱ्यांचे मदतगट नोंदवा. प्रत्येक नोंदीवर तारीख घाला. बंद पडलेलं केंद्र नकाशावर चालू दिसलं, तर कुणीतरी थकलेली मुलगी आईला घेऊन त्या कुलपापर्यंत जाते.

माणूस हरवला तर नकाशाचा लगेच काय उपयोग?

जपानमध्ये २०२३ या एका वर्षात डिमेन्शिया असलेले १९ हजारांहून जास्त लोक बेपत्ता झाल्याची नोंद पोलिसांकडे झाली. तिथल्या ओमुता शहरात तर रहिवासी हरवलेल्या व्यक्तीला शोधण्याचा सराव करतात.

आधी घरच पूर्ण तपासा: कपाटामागे, गच्चीवर, बंद गाडीत. मग शेवटचं कुठे दिसले तो बिंदू नकाशावर ठेवा आणि तिथूनच बाहेर बाहेर शोधा. बरेच जण त्या जागेपासून फार लांब सापडत नाहीत. काही जण अडेपर्यंत सरळ चालत राहतात आणि झुडपात, कुंपणापाशी, बोळाच्या टोकाला अडकतात. हाक मारली तरी ओ देतीलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी शोधा. पाणी आणि रेल्वेमार्ग जवळ असेल तर तिकडे लगेच माणूस धाडा. जुनं घर, जुनी नोकरीची जागा, जुनी शाळा यांच्या खुणा आजच फोनच्या नकाशात करून ठेवा आणि ती यादी घरातल्या दोघांकडे तरी असू द्या. पोलिसांना कळवायला थांबू नका. पहिल्या पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर फोन करा.